टाकीवरून बोलतोय

गॅसचा नंबर लावायचा असो, विजेचं बिल भरायचं असो की बँकेत आपले किती पैसे उरलेत ते बघायचं असो, आमच्या घरी आधी शिडी काढावी लागते. कारण ओटीपी आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर येतो. घरात येत नाही, गॅलरीत येत नाही. गच्चीवर रेंजची एक दांडी दिसते, पण आपण खिशातून चष्मा काढेपर्यंत ती गेलेली असते. टाकीच्या झाकणावर उजव्या कोपऱ्यात उभं राहून, मोरा बंदराच्या दिशेला तोंड करून डावा हात थोडा वर धरला की मग ओटीपी येतो. तोवर त्याची मुदत संपलेली असते.

परवा असाच टाकीवर उभा होतो. खालून बायकोनं हाक मारली, "अहो, आला का?"

"नाही अजून."

पलीकडच्या बंगल्यातून शेजाऱ्यांनी डोकं बाहेर काढलं. "अजून नाही आलं?"

"नाही हो. वीस मिनिटं झाली उभा आहे."

"मग आज काही येत नाही," असं म्हणून त्यांनी पंप बंद केला आणि तसेच बिनअंघोळीचे कामावर गेले. पाणी अर्ध्या तासानं आलं, धो धो आलं आणि त्यांच्या दारावरून निघून गेलं. आमच्या उरणात बाकी कशाचीही चेष्टा चालते, पाण्याची चालत नाही. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

बरं, गाव काही मागं राहिलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी आम्हाला अटल सेतू मिळाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. २१.८ किलोमीटरचा पूल आहे. चिर्ल्याला पुलावर चढलेली गाडी वीसेक मिनिटांत शिवडीला उतरते. तेवढ्या वेळात ओटीपी माझ्या टाकीवर चढत नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला तर (टाकीवरूनच केला) तो म्हणाला, "सर, आमच्या सिस्टीममध्ये तुमच्या भागात फुल रेंज दिसतेय." मी म्हटलं, "मग मलाच तुमच्या सिस्टीममध्ये राहायला घ्या." तो म्हणाला, "आणखी काही मदत करू शकतो का?"

टाकीवर वाट बघत बसण्यात बराच वेळ जातो. त्या वेळात मी मोबाईलच्या इतिहासाचं पुस्तक वाचायला घेतलं. ज्यानं आपल्याला टाकीवर चढवलं तो माणूस कोण, हे तरी कळावं.

त्याचं नाव मार्टिन कूपर. मोटोरोला कंपनीत इंजिनिअर. ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून त्यानं हातातल्या मोबाईलवरून जगातला पहिला फोन लावला. आता असा पहिलावहिला फोन आपण कुणाला केला असता? आईला केला असता. गेलाबाजार बायकोला. कूपरनं केला तो प्रतिस्पर्धी कंपनीत, म्हणजे बेल लॅब्जमध्ये, हेच काम करत असलेल्या जोएल एंगेलला. आणि सांगितलं काय? तर, मी मोबाईलवरून बोलतोय. हातात धरायच्या, खऱ्याखुऱ्या मोबाईलवरून. बस्स, निरोप एवढाच. आपल्याकडे नवीन बुलेट घेतली की माणूस पेढे घेऊन देवळात जातो, पण जाताना वाट वाकडी करून साडूच्या दारावरून हॉर्न वाजवत जातो, त्यातलाच हा प्रकार. कूपरचा तो फोन किलोभराहून जड होता. चार्ज व्हायला दहा तास लागायचे आणि बोलणं जेमतेम अर्धा तास. पण त्याची काही अडचण नव्हती, असं पुढं कूपरच गमतीनं सांगत असे. तेवढा वेळ तो फोन हातात धरवतच नसे.

तो बाजारात यायला १९८३ साल उजाडलं आणि किंमत ठेवली चार हजार डॉलरच्या घरात. पहिला एसएमएस आणखी नऊ वर्षांनी, ३ डिसेंबर १९९२ ला, नील पॅपवर्थ नावाच्या इंग्लंडमधल्या तरुण इंजिनिअरनं पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. डिसेंबरच्या तीन तारखेला! बावीस दिवस आधी! मेसेज वेळेवर न येण्याची प्रथा पहिल्या मेसेजपासूनच आहे हे वाचून मला टाकीवर फार बरं वाटलं.

पुस्तक मिटलं तेव्हा माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली होती. माणसांना मोबाईलवर सांगण्यासारखं काही नसतं. मी कुठं आहे, तू कुठं आहेस आणि ऐकू येतंय का, या तीन गोष्टी सोडल्या तर पन्नास वर्षांत चौथी गोष्ट कुणी बोललेलं नाही. माझ्या घरच्या इतिहासातून तरी हेच निघतं.

मोबाईलच्या आधी आमचा फोन म्हणजे नाक्यावरच्या किराणा दुकानाचा. पत्रिकेवर आमचा फोन नंबर छापताना पुढं 'पी.पी.' असं लिहायचे. पी.पी. म्हणजे फोन आमचा नाही, पण वाण्याचा पोरगा पळत येऊन बोलावील आणि महिनाभर त्या पळण्याचा मोबदला म्हणून आम्ही साखर त्याच्याकडूनच घेऊ. गिरगावच्या मामाला काही कळवायचं असलं की वडील तिथं जायचे. कॉल लागला की ते आधी दुकानाबाहेर बघून दिशेचा अंदाज घ्यायचे, मग समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे आणि ओरडायचे. मुंबई समोरच तर आहे, आवाज वाया कशाला घालवायचा! वाणी म्हणायचा, "काका, रिसीव्हर ठेवलात तरी चालेल, त्यांना ऐकू गेलं असेल." मामाच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी आमच्या आधी कोळीवाड्यात पोचली होती.

भारतात मोबाईल आला ३१ जुलै १९९५ ला. ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, मुख्यमंत्र्यांनी दूरसंचार मंत्र्यांना. मुंबईतही त्याच वर्षी सुरुवात झाली. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर असायचा, आणि खरा दणका पुढं आहे: आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. म्हणजे समोरच्यानं आपल्याला पैसे खर्चून शिव्या द्यायच्या आणि आपण पैसे खर्चून ऐकून घ्यायच्या. त्या काळात उरणात मोबाईल असायचा तो दोनच प्रकारच्या माणसांकडे. एक, न्हावा-शेव्याच्या बंदरात क्लिअरिंगचा धंदा करणारे. आणि दुसरे, ज्यांचा जमिनी गेल्याबद्दल मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट नुकताच कुणीतरी घेतला होता ते. सफारी, गळ्यात चेन, हातात कडं आणि कमरेला पट्ट्यात अडकवलेलं चामड्याचं कव्हर. कव्हरात मोबाईल असलाच पाहिजे असं नव्हतं.

माझा मेव्हणा पहिल्या प्रकारातला. त्याच्या पुतण्याच्या हळदीला त्याच्या मोबाईलचं उद्घाटन झालं. आमच्याकडची हळद म्हणजे लग्न परवडलं असा प्रकार. मांडवात हजारेक माणूस, बेंजो टिपेला पोचलेला, म्हातारे-कोतारे नाचतायत, आणि इतक्यात मेव्हण्याची कंबर वाजली. त्यानं हात वर केला.

"ए, थांबवा रं! मोबाईल वाजतो मना!"

बेंजो थांबला. हातातल्या फुलबाज्यासुद्धा पोरांनी खाली धरल्या. नवरदेव अर्धा हळदीत, अर्धा कोरडा, तसाच मान वळवून बघू लागला. मेव्हण्यानं खिशातला रुमाल काढून हात पुसले, एरियल दातांनी ओढली आणि म्हणाला, "हॅलो, कोन?" हजार माणसं श्वास रोखून. "हॅलो, आयकाला नाय येत!" तो मांडवाबाहेर गेला. आम्ही मागोमाग. तो विहिरीच्या कट्ट्यावर चढला. "आता? आता येतंय?" मग तिथं उभ्या असलेल्या टेम्पोच्या टपावर चढला. दोन पोरांनी पाय धरले, एकानं त्याच्या तोंडावर बॅटरी मारली. तिथं रेंज लागली.

"आगं पन तू बोलतेस कुठून?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि चेहरा उतरला.

फोन त्याच्या बायकोचा होता. मांडवामागं चुलीजवळ ती वाढप बघत होती. शेजारच्या घरात फोन दिसला म्हणून, लागतो का ते बघायला तिनं लावला होता. लागलाच आहे तर मटण आणखी चढवू का, एवढं तिनं विचारून घेतलं. टेम्पोपासून चूल तीस पावलांवर. जाहीर झालेला हिशेब असा की त्या रात्री सर्वांत महाग पडलेली वस्तू मटण नव्हती.

दोनेक वर्षांनी मेव्हण्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. "भावोजी, तुमीच वापरा. भंगारवाला घेत नाय." मी तेव्हा फोर्टात कारकून होतो आणि मोरा ते भाऊचा धक्का असा लाँचनं रोज जायचो-यायचो. शर्टाच्या खिशात तो ठोकळा ठेवला की शर्ट एका बाजूनं गुडघ्याकडे निघायचा. पहिले अकरा दिवस मला कुणाचाच फोन आला नाही, कारण फोन असलेली माणसं माझ्या ओळखीची नव्हती. बाराव्या दिवशी वाजला तो राँग नंबर. त्या माणसाला मी सोडेना. "थांबा हो, कुठून बोलताय? ऐकू स्वच्छ येतंय." त्यानंच फोन ठेवला, त्याचेही पैसे पडत होते.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. घरी रेंज नाही, मोरा बंदरावर अर्धवट, आणि लाँच भर समुद्रात गेली की फोन असा खणखणीत लागायचा की काय सांगू! मधे ना डोंगर ना इमारत. जमिनीवरच्या माणसाला गप्प बसवायचं आणि पाण्यावरच्याला बोलकं करायचं, ही या यंत्राची उरणपुरती तऱ्हा होती. एका बाजूनं तो मुंबईचं नेटवर्क दाखवायचा, लाँच वळली की दुसरंच. मग रोमिंग लागायचं. मी नेहमीच्याच बाकावर बसून परगावी जाऊन यायचो आणि बिलावरून मला ते कळायचं.

साहेबांना माझा नंबर दिला हा माझ्या आयुष्यातला दुसरा मोठा मूर्खपणा. मोऱ्याच्या लाँचचं घड्याळ कधी भिंतीवर नव्हतंच. ते पाण्यात असतं. ओहोटी मोठी असली, बंदरात गाळ साचला की लाँच धक्क्याला लागत नाही. भरतीची वाट बघायची. हे फोर्टातल्या साहेबाला कसं पटवून द्यायचं? त्याला वाटायचं समुद्र नऊ वाजता उघडतो. असाच एकदा उशीर झाला. लाँच अर्ध्या वाटेवर, आणि खिसा वाजला.

"कुठं आहात?"

"खालीच आहे साहेब. टपरीवर. चहा घेतोय, आलोच."

हिवाळ्याचे दिवस. लाँचच्या मागं समुद्रपक्ष्यांचा थवा लागलेला आणि एक बाई त्यांना पाव टाकत होती. इंजिनाचा आवाज आहेच.

"हा आवाज कसला?"

"कबुतरं, साहेब. फोर्टात फार झालीत."

तेवढ्यात खलाशी पुढून ओरडला, "ओ मावशी, पाटी आत घ्या, पापलेटं पानीत जातील!"

साहेब क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "येताना अर्धा डझन घेऊन या." पापलेटं मी भाऊच्या धक्क्यावर विकत घेतली, रजा मात्र अर्धी कापली गेली ती गेलीच.

आईला मोबाईल कळला नाही, पण मिस्ड कॉल तिला जन्मतः कळत असावा. एव्हाना आमच्या घरी लँडलाइन आली होती. आईनं कायदा केला की फोन कुणीही उचलायचा नाही. एकदा वाजला तर लाँच मिळाली. दोनदा वाजला तर चुकली. तीनदा म्हणजे मासळी आणतोय, वाटण करून ठेव. चारदा म्हणजे आणत नाही, वरण टाक. दोन महिने हा कारभार एक पैसाही खर्च न करता चालला. मग एका संध्याकाळी दोन रिंग दिल्यावर मधेच लाइन तुटली म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून तीन दिल्या, तेवढ्यात मेव्हण्याची एक आली. घरी एकूण सहा वाजल्या. कायद्यात सहाची तरतूद नव्हती. मी घरी पोचलो तेव्हा दारात गर्दी, आई पदर तोंडाला लावून बसलेली आणि थोरला भाऊ मोऱ्याला बुडालेली लाँच शोधायला गेलेला.

"आई, फोन उचलायचा नाही का एकदा?"

"उचलला असता तर तुझे पैसे गेले नसते का?" आई रडत रडत म्हणाली.

या युगाचा अंत १ मे २००३ ला झाला. महाराष्ट्र दिनी इनकमिंग फुकट झालं. देशभर झालं, पण आम्हाला उगाचच वाटत राहिलं की खास आपल्यासाठीच हा दिवस धरला. तोवर जो मोबाईल शोभेचा होता तो त्या दिवसापासून वाजायला लागला आणि अजून थांबलेला नाही. त्याच पावसाळ्यात पाचशे एक रुपये भरा आणि मोबाईल घेऊन जा, अशी रिलायन्सची योजना आली. रिक्षावाला, भाजीवाली, भटजी, सगळ्यांच्या हातात एकदम मोबाईल. आमच्या भटजींनी सत्यनारायणाच्या पूजेत तिसऱ्या अध्यायाला फोन घेतला आणि "हां, कलावतीपर्यंत आलोय, अर्ध्या तासात निघतो" असं सांगून चौथा अध्याय पाच मिनिटांत उरकला. साधूची नौका एवढ्या वेगानं कधीच वर आली नसेल.

मग आला टॉर्चवाला नोकिया ११००. आई ज्या एकमेव मोबाईलचा आदर करायची तो हा. ते लोडशेडिंगचे दिवस होते. बोकडविऱ्याला वायूवर चालणारं वीज केंद्र आमच्या उशाशी, वीज इथं तयार व्हायची आणि आमच्याकडे न बघता पुढं जायची. काळोखात आई त्या मोबाईलनं मिठाची बरणी शोधायची, पोळी करपली का बघायची, कपाटाखाली उंदीर बघायची. एकदा ती असा उंदीर बघत असताना त्यावर मामाचा फोन आला. आईनं मोबाईल झटकला, फुंकला आणि मला दिला. "बघ रे, दिवा बिघडला. आतून माणूस बोलतोय."

आमच्याजवळच्या करंजा बंदरात तर मोबाईलनं खरी क्रांती केली असं म्हणायला हरकत नाही. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास करून २००७ मध्ये मोठा निबंध लिहिला. मोबाईल आल्यावर बोटी किनाऱ्याजवळ येतानाच कुठल्या बंदरात काय भाव आहे ते विचारू लागल्या. भाव एकसारखे झाले आणि मासळी फुकट जाणं थांबलं. निबंध जगभर गाजला. मी तो करंज्याच्या ओळखीच्या कोळ्याला कौतुकानं सांगितला. तो जाळं शिवता शिवता ऐकत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"कुठं हाय? हितंच हाय रं, रेवसच्या पुढं. नाय, काय नाय मिलला. सगला कचरा."

आम्ही दोघं त्याच्या अंगणात बसलो होतो. पाठीमागं कोळंबीनं भरलेल्या टोपल्या. फोन ठेवून तो मला म्हणाला, "दुसऱ्या बोटवाल्याचा व्हता. खरा सांगितला तं उद्या तिथंच जाल टाकील. तुमच्या अमेरिकावाल्याला विचारा, केरलात खरा बोलतान का?"

मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, चहाच्या टपरीवर आहे असं लाँचमधून सांगणारा मी एकटाच. हल्ली जिचा निळा ठिपका मोबाईलवर नकाशात दिसतो त्या माझ्या सुनेकडेही मी बघतो. ठिपका जासईला असतो आणि ती सांगते, "बाबा, गल्लीत वळलेच." जासईहून गल्लीत वळायला पाऊण तास लागतो, वाटेत कंटेनर आडवे असले तर सव्वा.

तर काल पुन्हा शिडी काढली. विजेच्या बिलाची शेवटची तारीख होती. टाकीच्या उजव्या कोपऱ्यात पाय रोवला, तोंड मोऱ्याकडे, हात वर. बघतो तर समोरच्या टाकीवर शेजारी. त्यांचाही डावा हात वर. त्यांचीही शेवटची तारीख असावी. दोघांच्या टाक्यांत अंतर फार तर बारा फूट. अबोला चालू असल्यामुळं त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही द्रोणागिरीच्या डोंगराकडे बघत राहिलो. पाच मिनिटं अशीच गेली.

मग त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि माझा वाजला.

"हॅलो," ते डोंगराकडे बघत म्हणाले. "कुठं आहात?"

"टाकीवर," मी समुद्राकडे बघत म्हणालो. "तुम्ही?"

"मीही टाकीवरच. आवाज येतोय ना?"

"मोबाईलमधून तुटतोय जरा. तुमच्याकडून स्वच्छ येतोय."

"मग ठेवतो," ते म्हणाले आणि तिथनंच ओरडले, "पाणी आलंय! जाऊन भरून घ्या!"

खालून बायको ओरडली, "अहो, काय आलंय म्हणतात?"